वहीतले आकडे आणि मीटरमधले आकडे

गर्भावस्थेतील मधुमेहाचे निदान झालेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात तेव्हा प्रत्येकीचे शब्द वेगळे असले, तरी प्रश्न बहुधा एकच असतो: "पथ्य इतके काटेकोर पाळूनही साखर वाढते आहे, आता डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणतात, म्हणजे माझेच काहीतरी चुकले ना?" हा प्रश्न ऐकला की मला तेहतिसाव्या आठवड्यात आलेली एक गर्भवती आठवते. तिची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत.

पहिल्याच भेटीत तिने साखरेच्या नोंदींची वही माझ्यापुढे ठेवली. उपाशीपोटीचे आकडे 91, 93, 90, 92 असे एकाखाली एक, एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिल्यासारखे होते. रोज पहाटे अर्धवट झोपेत बोटाला सुई टोचून घेणाऱ्या बाईची वही सहसा इतकी नीटनेटकी नसते. मी त्याविषयी काही न बोलता, "सकाळी तपासणी करताना मनात काय येते?" एवढेच विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग पर्समधून ग्लुकोमीटर काढून तिने त्यात साठलेल्या नोंदी मला दाखवल्या: 104, 108, 102, 107. उपाशीपोटी साखर 95 च्या आत हवी, असे तिला सांगितलेले होते. "मॅडम, तो आकडा बघितला की घास तोंडात घालायचीसुद्धा भीती वाटते," असे म्हणताना तिला रडू आवरेना. रात्रीचे जेवण तिने जवळजवळ सोडूनच दिले होते.

"काळजी करू नका" असे म्हणून ही भीती जाणारी नव्हती, म्हणून शरीरात काय घडते आहे ते मी तिला सविस्तर सांगितले. बाळाला ग्लुकोज सतत मिळत राहावे यासाठी वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. हे प्रत्येक गर्भवतीच्या बाबतीत घडते. बहुतेकींचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ती तूट भरून काढते, काहींचे तेवढे पुरे पडत नाही. इन्सुलिनला होणारा हा विरोध साधारण चोविसाव्या आठवड्यापासून वाढू लागतो आणि बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या सुमारास सर्वाधिक असतो, त्यामुळे सातव्या महिन्यात ज्या जेवणाने साखर आटोक्यात होती, तेच जेवण आठव्या महिन्यात पुरेसे ठरत नाही. त्यातही उपाशीपोटीचा आकडा पथ्याला सर्वात कमी दाद देतो, कारण रात्रभर यकृत रक्तात ग्लुकोज सोडत असते. जेवण टाळून तो खाली येईलच असे नाही. उलट उपासमारीने शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये, वाढतात, आणि गरोदरपणात हे फार लवकर घडते.

"म्हणजे मी बाळाला उपाशी ठेवत होते?" तिने विचारले. या प्रश्नाला खोटा दिलासा देणे मला योग्य वाटले नाही. जेवण सोडणे थांबवायलाच हवे, पण ते तुम्ही बाळाच्या काळजीपोटीच करत होतात, असे मी म्हटले.

इन्सुलिनविषयी तिची समजूत अशी होती की ते बाळापर्यंत पोहोचून त्याला कायमची सवय लावेल. प्रत्यक्षात टोचलेले इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ जातच नाही, साखर मात्र जाते. त्या जादा साखरेला तोंड देण्यासाठी बाळ स्वतः जास्त इन्सुलिन तयार करते, त्याचे वजन अवाजवी वाढते आणि जन्मानंतर त्याचीच साखर एकाएकी उतरू शकते. हे ऐकल्यावर ती प्रथमच खुर्चीला टेकून बसली.

वहीतल्या खोट्या नोंदींसाठी मी तिला दोष देऊ शकत नाही. आकडा वाढलेला दिसताच "काल काय खाल्लेत?" असा जाब विचारणारे आपणच असतो, आणि जिथे आकड्यावरून शाबासकी किंवा बोलणी मिळतात, तिथे आकडे बदलतात. मात्र इन्सुलिनचा डोस याच नोंदींवरून ठरतो, हे तिला स्पष्टपणे सांगणे भाग होते. दुसऱ्या दिवशी तिने मीटर डॉक्टरांपुढे आपणहून ठेवले.

त्यानंतर आम्ही वहीत झोपेचा एक रकाना वाढवला, कारण अपुरी झोप आणि ताण यांनीही साखर चढते. आहारतज्ज्ञांनी रात्रीचे जेवण परत सुरू करून झोपण्यापूर्वी थोडे खाणे जोडले आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालायला सांगितले. हात धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला लागलेला फळाचा रसही आकडा फुगवतो, आणि सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावी, म्हणजे कमी दुखते, हे नर्सने शिकवले. साखर 70 च्या खाली गेल्यास 15 ग्रॅम ग्लुकोज घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि बाळाची हालचाल मंदावल्यास आकडा कसाही असला तरी लगेच रुग्णालय गाठायचे, हे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. तिच्या नवऱ्याला मी एकच विनंती केली: सकाळी उठल्या उठल्या "किती आली?" असे विचारण्याऐवजी "झोप लागली का?" असे विचारा. एवढ्याने घरातल्या सकाळी खूप सुसह्य झाल्या, असे ती नंतर म्हणाली.

रात्रीच्या इन्सुलिनचा डोस बसायला दोनेक आठवडे लागले. छत्तिसाव्या आठवड्यात जेवणानंतर एका तासाने 162 आकडा आला, तेव्हा तिने तो तसाच लिहिला आणि फोन करून सांगितला. एव्हाना वहीत निळी, काळी शाई आणि मधूनच पेन्सिलही दिसू लागली होती.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात तिची प्रसूती झाली. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन पहिल्या काही तासांत साखर तपासली, ती ठीक निघाली. वार बाहेर पडल्यावर तिचे इन्सुलिनही बंद झाले. सहा आठवड्यांनी केलेली 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी सामान्य आली, तेव्हा तिने विचारले, "आता वही टाकून देऊ?" पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी आणि पुढच्या गर्भधारणेपूर्वी तपासणी करावी लागेल, असे मी सांगितले. मांडीवरचे बाळ नवऱ्याकडे देऊन तिने माझ्याकडून पेन मागून घेतले आणि वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तपासणीचा महिना लिहिला.