सतराव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या इंग्रज तरुणाचं आयुष्य कसं असायचं? साहसाच्या ओढीनं जायचे का?

साहस? पोटासाठी जायचे हो.

रिचर्ड फ्रेथॉर्न नावाचा पोरगा १६२२ च्या अखेरीस व्हर्जिनियात उतरला. करारावरचा नोकर. जहाजाचं भाडं भरणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन, पोराला काही वर्षं राबणं. त्याच वर्षी २२ मार्चला तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांनी ३४७ वसाहतवाले मारले होते. तंबाखूसाठी त्यांच्या जमिनी बळकावल्यावर दुसरं काय होणार? मार्टिन्स हंड्रेड, म्हणजे फ्रेथॉर्न जिथं राबायचा ती वस्ती, त्यात जवळजवळ उद्ध्वस्त झालं होतं.

मार्च-एप्रिल १६२३ मध्ये त्यानं आईबापांना पत्र लिहिलं. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पेज. अंगावर चिंध्या, झगा सोबत्यानंच चोरलेला. हातपाय तुटले तरी चालतील पण इंग्लंडला न्या, असं लोक रात्रंदिवस ओरडतात. मला सोडवा, नाहीतर चीज-लोणी तरी पाठवा, ते विकून पैसे तुम्हाला धाडतो, त्या नफ्यातून मला सोडवा.

हा नफा वाचला आणि मला माझी मस्कतची खोली आठवली. १९९१. फिटर म्हणून नेलं, हेल्परचं काम दिलं, पासपोर्ट कंपनीकडे जमा. एका खोलीत बाराजण, कूलर बंद. एजंटसाठी आईच्या पाटल्या गहाण होत्या, त्यामुळे घरी पत्रात कायम एकच: जेवण झकास, खोलीत एसी, काळजी नसावी. एसीचा आवाज कसा येतो तेसुद्धा लिहिलं होतं. आईनं ते पत्र अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं, आणि पुढच्या वर्षी त्याच एजंटकडून वाडीतला आणखी एक पोरगा आला. माझ्याच खोलीत. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

दादा आजही, गणपतीत चार माणसं जमली की, ऐकवतो, "खरं कळवलं असतंस तर तिकीट पाठवलं असतं." कशातून? पाटल्या तर गेल्या होत्या! आणि फ्रेथॉर्ननं सगळं खरं कळवलं, त्याचं काय झालं? फेब्रुवारी १६२४ च्या यादीत त्याचं नाव मेलेल्यांत आहे. कुणाच्या पोराला परदेशी कामाला जायचं असेल तर जाऊ द्या, पण पत्रावरून काही ठरवू नका.

अर्थात सगळ्यांचीच ही गत नव्हती. करार पुरा करून जमीन मिळवणारेही होते, आणि मॅसॅच्युसेट्सला कुटुंबंच्या कुटुंबं गेली, ती जास्त जगली. माझी तुलनाही जरा ओढूनताणूनच. मी दोन वर्षांनी विमानानं परत आलो.

फ्रेथॉर्नची गोष्ट दादाला व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तर आलं, "त्यानं बापाला लिहिलं. थोरल्या भावाला लिहायचं होतं."