वाचकांचे प्रश्न : जर्मनीतल्या जुन्या गावांमधून गाडीने

प्रश्न : मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन जर्मनीला जातोय. फ्रँकफर्टला उतरून ‘रोमँटिश श्ट्रासे’ या जुन्या गावांमधून जाणाऱ्या रस्त्याने म्युनिक गाठायचं आहे. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. तीन दिवसांत होईल का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : गाडी पोहोचेल, पण गावं पाहून होणार नाहीत. किमान पाच मुक्काम ठेवा. हा रस्ता वुर्झबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत जातो. रात्रभर विमानात बसून आल्यावर पहिल्या दिवशी वुर्झबुर्गच्या पुढे जाऊ नका. फ्रँकफर्ट विमानतळापासून तेवढेच सुमारे 120 किलोमीटर होतात.

दुसरा मुक्काम रोथेनबुर्गला, आणि तो गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या आतच घ्या. दिवसभर बसने आलेली गर्दी संध्याकाळी निघून जाते आणि दगडी गल्ल्या मोकळ्या होतात. 31 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात या गावाचा मोठा भाग पडला होता. तटाची पुनर्बांधणी देणग्यांतून झाली, म्हणून फिरताना दगडांवर देणगीदारांची नावं दिसतात. सेंट याकोब चर्चमधली शिल्पकार रीमेनश्नायडरची लाकडी कोरीव वेदी चुकवू नका. तटावर चढायचे जिने मात्र अरुंद आहेत. आई-वडिलांना ते जड वाटले तर खालच्या गल्ल्याच फिरा.

पुढे डिंकेल्सब्युल. युद्धात हे गाव जवळजवळ शाबूत राहिलं, त्यामुळे जुनी घरं खरोखर जुनी आहेत. रोथेनबुर्गपेक्षा इथे शांतपणे फिरता येतं.

तिथून अर्ध्या तासावर नोर्डलिंगेन आहे, आणि मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. लोणारप्रमाणे हेही उल्काघाती विवर आहे. फरक एवढाच, की लोणारचा व्यास दोन किलोमीटरही भरत नाही आणि इथला सुमारे 24 किलोमीटर आहे. अख्खं गाव विवराच्या आत वसलंय. उल्कापाताचा पुरावा 1960 मध्ये मिळाला. तोवर हा ज्वालामुखी असावा असा समज होता. चर्चचा 90 मीटर उंच ‘डॅनियल’ मनोरा त्याच आघातात तयार झालेल्या दगडाचा आहे. वर जायला 350 पायऱ्या आहेत. गावाचा तट पूर्ण शाबूत असून त्यावरून 2.7 किलोमीटरची फेरी मारता येते.

ऑग्सबुर्गमध्ये 1521 ची ‘फुगराय’ ही गरिबांसाठी बांधलेली वसाहत बघा, तिथे आजही लोक राहतात. शेवटी फ्युसेनजवळचा नॉयश्वानस्टाईन हा राजवाडा. तिकिटावर प्रवेशाची ठरावीक वेळ असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. वाहनतळापासून वाड्यापर्यंत अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे, तो वेळ धरूनच निघा. घोडागाडी मिळते, पण तीही थोडी खालीच सोडते.

एक गोष्ट निघतानाच करा : नॅव्हिगेशनमध्ये ‘हायवे टाळा’ निवडा. नाहीतर ते तुम्हाला ए-7 ऑटोबानवर नेतं आणि गावं बाजूला राहतात. तपकिरी पाट्यांवर ‘रोमँटिश श्ट्रासे’ लिहिलेलं असतं, त्या धरून चला.

प्रश्न : भारतीय लायसन्स चालेल का? रस्त्यावर काय सांभाळायचं? (औंध, पुणे)

उत्तर : मूळ लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. तो आरटीओतून मिळतो, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. नुसत्या परवान्यावर गाडी मिळत नाही, दोन्ही दाखवावे लागतात. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डही लागतं, अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागून आधीच बुक करा. मागितली नाही तर बहुधा गिअरची मिळते, आणि तिथे गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात.

दंड बहुतेकांना एकाच कारणाने होतो. गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की वेगमर्यादा आपोआप 50 होते. 50 ची वेगळी पाटी नसते. नावावर लाल तिरकी रेघ असलेली पाटी आली की गाव संपलं, आणि मर्यादा पुन्हा 100.

दुसरा नियम पुण्यात कुणी पाळत नाही : पाटी वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तो ब्रेक न लावता निघतो, कारण तुम्ही थांबणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पिवळा चौकोन टोकावर उभा असलेली पाटी दिसली, तर अग्रक्रम तुमचा.

तटाच्या आत गाडी नेण्यावर बंधनं असतात. हॉटेलवाल्यांना आधी विचारा आणि एरवी तटाबाहेर लावा. काही ठिकाणी काचेमागे निळी पार्किंग चकती ठेवावी लागते. तिचा काटा पुढच्या अर्ध्या तासावर ठेवायचा. 10:10 ला आलात तर 10:30.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही चालत नाही. (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : मोठ्या शहरांत अडचण नाही, या गावांत आहे. ‘केजश्पेट्झले’ हा चीजचा पदार्थ शाकाहारी म्हणून देतात, पण त्याच्या पिठात अंडं असतं. भाजीचं सूपही अनेकदा मांसाच्या पाण्यात करतात. परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात आणि बव्हेरियात ब्रेट्झेलमध्येही कधीकधी चरबी घालतात. दोन्ही विचारूनच घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेणं उत्तम. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, म्हणून दूध, भाजी, पाव शनिवारी संध्याकाळीच भरून ठेवा.