जुने अंक शोधताना

जुन्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांत घरी जोडायच्या एखाद्या कॉम्प्युटर बोर्डाचा लेख हवा असेल, तर नुसतं बोर्डाचं नाव घेऊन शोधत बसू नकोस. आधी डिसेंबरचा अंक गाठ, बऱ्याच मासिकांत वर्षाची सूची तिथेच सापडते. लेख मिळाला की पुढचे तीन-चार अंकही चाळ. मी झेड-८० या जुन्या प्रोसेसरच्या एका बोर्डापायी तीन रविवार घालवले. आकृतीत रीसेटची एक रेघ चुकली होती आणि दुरुस्ती दोन महिन्यांनी, जाहिरातीखाली चार ओळींत छापलेली!

कधी लेख अख्खा मिळूनही भागत नाही. 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स'च्या जुलै १९७४ च्या मुखपृष्ठावर मार्क-८ हा घरी जोडायचा कॉम्प्युटर आहे, ८००८ प्रोसेसरचा. पण त्याचे पूर्ण आराखडे ५ डॉलरच्या वेगळ्या पुस्तिकेत होते. तीही शोध.

छापील अंक हवा तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपासच्या रद्दीवाल्यांना सांगून ठेव. 'सर्किटवाली मासिकं' म्हण, बरोबर समजतं. पैसे देण्याआधी मधली पानं उलटून बघ. पीसीबीचं, म्हणजे तांब्याच्या रेघांच्या सर्किट बोर्डाचं, चित्र कुणीतरी हमखास कापून नेलेलं असतं. ते चित्र स्कॅनवरून छापलंस तर माप बरोबर आलंय का बघायला आधी पट्टी लाव: १६ पिनांच्या आयसीत (चिपमध्ये) पहिल्या पिनेपासून आठवीपर्यंत ०.७ इंच भरलंच पाहिजे.