आधी तास मोज

रामबाग, इंदूर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "मावशी, पगार वीस तारखेलाच संपतो. घरून काहीतरी करायचंय, पण पोरगी एकटी राहत नाही." ते माझ्या मनातून जाईना. मीही याच गावात एकटीने मुलगा वाढवलाय, म्हणून लिहायला बसले.

आधी सांग, तुझ्या हाताशी रोज तास किती? मुलगी झोपल्यावरचे दोन, फार तर अडीच. तेवढंच तुझं भांडवल. मी ते मोजलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला येईल ती ऑर्डर घेत गेले. चकली, अनारसे, चिरोटे, कुणालाच नाही म्हटलं नाही. एका रात्री दीड वाजता शेवटचा घाणा काढला आणि वळून बघते तर मुलगा उंबऱ्याशी झोपलेला, शाळेचे बूट पायात तसेच. जेवला होता की नाही, तेही मला आठवेना. दिवाळी सरल्यावर हिशोबाला बसले. सामान आणि गॅस वजा जाता 1800 रुपये उरले होते आणि तास भरले होते 90. तासाला 20 रुपये!

म्हणून भाव ठरवताना सामानाच्याही आधी आपला तास लिही. "घरचंच तर आहे, थोडं कमी कर" म्हणणारे आपलेच असतात. त्यांना ताटभर फराळ प्रेमाने खाऊ घाल, पण विकताना भाव एकच ठेव आणि निम्मे पैसे आगाऊ घे.

तुझ्यासाठी मला हलव्याचे दागिने सुचतात. पहिल्या संक्रांतीची सून आणि बोरन्हाणाचं बाळ आपल्या मराठी घरांत दरवर्षी असतंच, आणि दागिने गुंफायचं काम मुलगी झोपल्यावर मांडी घालून करता येतं. हलवा मात्र रविवारी करायचा. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, तिच्यात खसखस किंवा तीळ. चमचाभर पाक घालायचा, बोटांनी हलवत सुकवायचा, मगच पुढचा चमचा. घाई केलीस की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हवा थंड आणि कोरडी असेल तर दाण्यावर काटा फुलतो. आभाळ आलं की कितीही हलव, दाणा गुळगुळीतच राहतो. अशा दिवशी शेगडी विझवून सरळ मुलीला घेऊन फिरायला जा.

संक्रांत झाली की भाजणी आणि मेतकूट. सियागंजातून धान्य-डाळी आणून एका रविवारी भाजून दळून घेतलंस की महिनाभर पुरवून विकता येतं. ताज्या डब्यांच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. मुलीला ताप आला तरी डबा चुकवता येत नाही, आणि तुझ्या घरात दुसरं माणूस नाही.

खाण्याचं विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी करून घे. 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. लहान धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. आणि मोबाईलवर ते "घरबसल्या टायपिंग करा, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असे मेसेज येतात ना, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नकोस. काम देणारा कधी आधी पैसे मागतो का? चुकून भरलेच तर लाजत बसू नकोस, त्याच क्षणी 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन कर.

येत्या रविवारी सकाळी मुलीला घेऊन ये. शेगडी मी पेटवून ठेवते. खसखस आणि साखर माझ्याकडे आहे; तू फक्त पांढरा दोरा आण, आणि मुलीचा स्वेटर विसरू नकोस, आमच्या गच्चीवर फार गार असतं.

तुझी,
मावशी