दारावर नोटीस लागल्यानंतरचे ४५ दिवस

"हप्ते थकलेत, बँकेनं दारावर कागद चिकटवलाय. आता घराबाहेर काढणार का हो?" कर्जात अडकलेल्या कुटुंबांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला बहुतेकदा बायको विचारते, नवरा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. भोसरीच्या या जोडप्याचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

दादांचं ठेकेदारीतलं काम सुटलं आणि घराच्या कर्जाचा २२,४०० रुपयांचा हप्ता आठ महिने गेला नाही. बँकेची सगळी पत्रं गाडीच्या डिकीत. कर्जावर सही दोघांची, त्यामुळे प्रत्येक नोटिशीवर ताईंचंही नाव होतं, आणि त्यांना कळलं ते थेट दारावरच्या कागदावरून. कर्जाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. "मला सांगितलं का नाही?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पहिली भेट निम्मी याच्यातच गेली आणि मी ती जाऊ दिली. दादा बऱ्याच वेळानं बोलले, "हिला सांगितलं असतं तर सासरे पैसे घेऊन आले असते. ते मला नको होतं." अशा माणसाला झापणं सोपं असतं. पण लाजेपोटी तो फोन उचलत नाही आणि बँकेला वाटतं, हा बुडवायलाच निघालाय. म्हणून त्या दिवशी एकच ठरलं: यापुढे बँकेचा फोन स्पीकरवर, दोघांनी मिळून घ्यायचा. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही दादांना तेव्हाच कळलं. रात्रीच्या फोनांना घाबरून ते मोबाईल बंद ठेवत होते.

मग कागद. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत, होतं. त्यानंतर कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांची. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. यांचे ते ६० दिवस डिकीतच संपले. दारावरचा कागद पुढच्या पायरीचा, कलम १३(४) चा होता, म्हणजे सांकेतिक ताबा. कागदोपत्री ताबा बँकेचा, माणसं अजून आतच. घर प्रत्यक्ष रिकामं करून घ्यायला बँक सहसा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणते. आणि या कागदाविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो.

नोटिशीत आकडा होता १९ लाखांच्या वर. दादा त्या आकड्यानंच खचले होते, कारण नोटीस पूर्ण कर्ज मागते. थकबाकी मात्र दंडासकट दोन लाखांच्या आत होती. हे दोन आकडे वेगळे काढल्याशिवाय मी कुणाशी पुढचं बोलत नाही. एक मात्र पक्कं: दोन-तीन हप्ते भरून एनपीए खातं सुधारत नाही, थकबाकी पूर्ण भरावी लागते. त्यामुळे "थोडे थोडे भरत राहू" ही दादांची योजना बाद झाली. दुसरी योजना सावकाराची होती, महिना पाच टक्क्यांची. तिला मी सरळ विरोध केला. समुपदेशकानं सल्ला देऊ नये म्हणतात, पण इथं गप्प बसणं मला पटत नाही.

दादा म्हणाले, "हिचं सोनं आहे." मी म्हटलं, ते ताई ठरवतील. ताईंनी दोन दिवस मागून घेतले आणि निम्मं सोनं तारण ठेवलं, निम्मं नाही. उरलेली रक्कम पीएफमधून आली.

वकिलाच्या फीची चिंता होती. विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज ताईंनी केला, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. पुण्याच्या डीआरटीत तारीख लागली तेव्हा दादांनी नोकरी गेल्याची पूर्ण कहाणी तयार ठेवली होती. तिथं ती फारशी लागत नाही. नोटीस रीतसर पोचली का, हिशेब बरोबर आहे का, बँकेनं पायऱ्या पाळल्या का, हे बघतात, आणि स्थगिती हवी असेल तर बहुतेकदा विचारतात: आज किती भरता? यांच्याकडे उत्तर होतं, आणि दादांच्या नव्या नोकरीचं पत्रही. काही रक्कम भरण्याच्या अटीवर स्थगिती मिळाली, पुढच्या तारखेआधी उरलेली थकबाकी भरली गेली आणि बँकेनं हप्ते पूर्ववत चालू ठेवायचं लेखी दिलं.

सगळ्यांचं असं होत नाही. त्याच सुमारास आलेल्या एका कुटुंबाचा हप्ता नव्या पगारात बसतच नव्हता. त्यांना मी डीआरटीचा आग्रह केला नाही. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, ती संमती त्यांनी मागितली आणि लिलावाची जाहिरात निघण्याआधी स्वतः गिऱ्हाईक आणलं. लिलावात कमी भाव आला तर फरक कर्जदाराच्याच डोक्यावर राहतो. इथं कर्ज फिटून भाड्याच्या घराच्या डिपॉझिटपुरते पैसे उरले. त्यांची आई अजून माझ्याशी बोलत नाही.