तंत्रप्रश्न : दोन लँडलाइन, एक गेटवे

प्रश्न : ऑफिसच्या दोन लँडलाइन चार पोर्टच्या एफएक्सओ गेटवेवर (लँडलाइन नेटवर्कवरच्या फोन यंत्रणेला जोडणारं उपकरण) घेऊन ॲस्टरिस्कला (संगणकावर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज) जोडल्या आहेत. बाहेरून फोन केला की रिसेप्शनला रिंग जातच नाही. करणाऱ्याला पुन्हा डायल टोन ऐकू येतो. पहिली लाइन रिसेप्शनला आणि दुसरी हिशेब विभागाला कशी द्यायची?

उत्तर : गेटवे फोन उचलतो, पण पुढे कुठे द्यायचा हे त्याला सांगितलेलं नाही, म्हणून तो टोन देऊन नंबरची वाट पाहतो. प्रत्येक पोर्टला ऑटो-डायल नंबर (फोन उचलताच गेटवे आपोआप लावतो तो) द्या : पोर्ट १ ला ५००१, पोर्ट २ ला ५००२. एक्स्टेंशनचेच (ऑफिसातल्या फोनचे) नंबर इथे टाकू नका, नाहीतर उद्या माणूस बदलला की गेटवे उघडत बसावं लागेल. मग ॲस्टरिस्कच्या इनबाउंड राउटमध्ये (आलेला फोन कुठे द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) ५००१ रिसेप्शनला, ५००२ हिशेबाला जोडा. नंबर अंकाअंकाने जुळायला हवा. न जुळल्यास गेटवेच्या लॉगमध्ये ४०४ (नंबर सापडला नाही) दिसेल. उरलेल्या दोन पोर्टांना काही देऊ नका.

कॉलर आयडी येत नसेल तर गेटवे पहिल्याच रिंगला उचलतोय का पाहा. एफएसके (मोडेमसारख्या संकेतांनी नंबर पाठवणाऱ्या) पद्धतीत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे येतो, तेव्हा उचलणं दोन रिंगांनंतर ठेवा. डीटीएमएफ (फोनच्या बटणांच्या टोनने नंबर पाठवणाऱ्या) पद्धतीत तो रिंगच्या आधीच येतो, त्यामुळे योग्य पद्धत निवडणं महत्त्वाचं.

आणखी एक, जे हमखास राहून जातं : समोरच्याने फोन ठेवल्यावरही लाइन अडकून राहते. फोन ठेवल्याचं गेटवेला बिझी टोनवरून कळतं, म्हणून तो टोन ओळखण्याची सेटिंग भारतीय टोनवर आणा : ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० बंद.