दहा मिनिटांत हात बरा झाला, तरी आजच दवाखाना गाठा

ताई, बीपी आणि शुगर हे वेगवेगळे आजार आहेत का, हा तुमचा मुख्य प्रश्न. त्याकडे येतेच. पण त्याआधी तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय ते: चार दिवसांपूर्वी बाबांचा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला, जीभ जड झाली, मग सगळं पूर्ववत झालं, आणि आता ते सोमवारी फॅमिली डॉक्टरांकडे जाणार आहेत. सोमवारची वाट बघू नका. आजच न्या, आणि सीटी-एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी न्या.

याला टीआयए म्हणतात, म्हणजे थोड्या वेळात ओसरणारा पक्षाघाताचा छोटा झटका. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि थोड्या वेळात विरघळते. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकदम गेलं म्हणजे बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. यानंतर पक्षाघाताचा मोठा झटका येण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. ते दोन दिवस निभावले, पण धोका संपलेला नाही. तिथे मानेतल्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर (रक्त नीट वाहतंय का बघणारी सोनोग्राफी) आणि ईसीजी सांगतील. हाताच्या दुखण्याला ईसीजी कशाला, म्हणून वाद घालू नका. हृदयाचे ठोके अनियमित असले तर गुठळी हृदयात तयार होऊन मेंदूत जाते, आणि त्यावरची गोळी वेगळी असते.

आता तुम्ही पाठवलेले बाबांचे आकडे. बीपी १५८/९६, उपाशीपोटी शुगर १४२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.६. दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर बीपी वाढलेलं धरतात; उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी ६.५ पासून पुढे मधुमेह. बाबा दोन्हीकडे रेषेच्या पलीकडे आहेत.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आजार दोन वेगळे, पण ही दोन दुखणी एकमेकांना हात देतात. वाढलेली साखर रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर खराब करते, त्यावर चरबीचे थर बसायला लागतात. वाढलेलं बीपी त्याच वाहिन्यांच्या भिंतींवर रात्रंदिवस जोर लावतं, त्या जाड आणि ताठ होतात. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांना हे सोसत नाही. त्या बंद पडतात, नाहीतर फुटतात. मूत्रपिंडाचंही तसंच: साखरेनं त्याची गाळणी खराब झाली की बीपी आणखी चढतं, आणि चढलेलं बीपी उरलेली गाळणी खराब करतं. म्हणून मूत्रपिंड ठीक आहे का ते कळायला लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. पायाला मुंग्या येतात का, डोळ्यांचा पडदा कधी दाखवला का, तेही विचारा. कारण तेच आहे.

बीपी नॉर्मल आलं म्हणून बाबांनी गोळी बंद केली, असं तुम्ही लिहिलंय. मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर होते. झटक्यानं आलेल्या पेशंटच्या घरच्यांकडून ‘गोळी मध्यंतरी बंद केली होती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे पुढे भरतीचा कागद भरताना मीच आधी विचारायचे. ताई, बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. ‘एकदा सुरू केली की जन्माची सवय लागते’ असं तुमचे काका म्हणतात, पण सवय गोळीची नसते, आजार मुक्कामाला असतो. वरचं बीपी दहानं जरी खाली राहिलं तरी झटक्याची शक्यता साधारण पाव हिश्शानं कमी होते. एवढा फायदा देणारी दुसरी स्वस्त गोष्ट मला तरी माहीत नाही. आणि ‘डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही’ हे विसरा. बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

घरी मशीन घ्या, दंडावर पट्टा बांधायचं, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि गप्प बसून. बाबा मोजताना गोष्टी सांगत असतील तर आकडा चढलेलाच येणार. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोनदा, आठवडाभर वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते जास्तच. मिठाचं म्हणाल तर दिवसाला एक सपाट चमचा, पाच ग्रॅम. त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं आलं. सैंधवही मीठच. कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना न विचारता आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी असली की ते अंगात साचू शकतं.

पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, एक हात उचलला जाईना, बोलणं बोबडं झालं, तर थांबून बघायचं नाही. १०८ लावा. शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवा. झोपेतून उठतानाच असं दिसलं तर झोपण्याआधीची वेळ सांगायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. मोठी वाहिनी बंद असेल तर काही पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवू नका, पाणीसुद्धा पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. कबुतराचं रक्त चोळणाऱ्याकडे, लकव्याची पुडी देणाऱ्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून नंतर आमच्याकडे आणलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यावर जास्त बोलत नाही.

एक मात्र करा: घरात ग्लुकोमीटर असेल तर गाडीची वाट बघताना बोट टोचून शुगर बघा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर ७० च्या खाली गेली तर अगदी झटक्यासारखं दिसू शकतं, आणि दवाखान्यातही ते आधी बघतात. आकडा कागदावर लिहून सोबत द्या.

आज जाताना बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, बंद केलेली बीपीची गोळी आणि बाबा घेतात ती जांभूळबियांची पूडही. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर आत गेल्या गेल्या ते सांगा.